सगळ्यांनी लाल दाखवलं म्हणून

६ ऑगस्ट

भुंग्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. आई ठणठणीत आहे, गुडघा सोडला तर. पत्र लिहितेय कारण फोन तू उचलत नाहीस, आणि रविवारी आईला करतोस तेव्हा चुकून मी घेतला तर "आई आहे का?" एवढंच विचारतोस, जणू मी एक्स्चेंजमधली बाई आहे. आई मुद्दाम स्पीकर लावून बोलते, हे तुला माहीत नसेल तर आता सांगते. तुझ्या पाठदुखीपासून नव्या गाडीच्या रंगापर्यंत सगळं मला तोंडपाठ आहे.

तेव्हा हे लाडाचं पत्र नाही. कामाचं आहे.

आज विभागप्रमुखांनी मला खोलीत बोलावलं, बसा म्हणाले, चहा मागवला. ते चहा मागवतात तेव्हा बातमी वाईट असते, हे विभागात सगळ्यांना ठाऊक आहे. मग एक परिपत्रक पुढे सरकवलं. पहिल्या वर्षाला मी रसायनशास्त्राचा जो वर्ग घेते, तो पुढच्या वर्षी चालू ठेवायचा की बंद करून त्याजागी रेकॉर्ड केलेली व्याख्यानं लावायची, हे ठरवायला कुलगुरूंनी समिती नेमली आहे. अध्यक्ष डीनसाहेब. सदस्य परीक्षा विभागाच्या बाई. आणि तिसरं नाव, 'बाहेरील तज्ज्ञ', तुझं.

मी चहा तसाच ठेवून उठले.

अरे, कुठल्या तोंडाने हो म्हणालास? व्याख्यानं कुणाची लावणार हे परिपत्रकात नाही, पण अख्ख्या इमारतीला माहीत आहे. तुझ्या क्लासची सोडून दुसरी कुणाची लावणार? मुलं माझ्या वर्गात येतात तीच तुझा आवाज कानात घालून. परवा जिन्यात एक मुलगा तुला दीडपट वेगाने ऐकत होता. मला क्षणभर वाटलं, हा तर सातवीतला भुंग्या, घास तोंडात असताना असाच बोलायचा. हसू आलं, आणि मग स्वतःचाच राग आला.

तू का रागावलायस ते मी विसरलेले नाही. तो शोधनिबंध. पण मी त्यात केलं काय? प्रवेशपरीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवून आलेल्या मुलांना एक साधा प्रश्न विचारला: पाणी उकळताना जे बुडबुडे येतात, त्यांच्यात काय असतं? निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. स्वयंपाकघरात रोज चहाला आधण ठेवणाऱ्या घरांतली मुलं, भुंग्या! ती वाफ असते, पाण्याचीच, हे एकाला सुचू नये? ती मुलं कुठून शिकून आली होती, तर 'एका नामांकित क्लासमधून', एवढंच मी छापलं. नाव घेतलं नाही. तू म्हणालास, या शहरात नामांकित क्लास एकच आहे. मग तो माझा दोष?

त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही. पण त्याचा सूड तू वर्गावर काढू नकोस. माझ्यावर काढ. घरी ये, चार शिव्या दे, जेव आणि जा.

समितीवरून नाव काढून घे. एवढंच सांगायला हे पत्र.

— ताई

२१ ऑगस्ट

भुंग्या,

उत्तर नाही. बरं. रविवारी आईने विचारलं, "ताईचं पत्र मिळालं का रे?" तू म्हणालास, "हं," आणि लगेच हवेत उकाडा किती आहे त्यावर गेलास. तो 'हं' मीही ऐकला.

समितीने माझ्याकडून 'वर्गाचे स्वरूप व उपयुक्तता' एका पानात मागवलं. मी लिहून दिलं. विभागप्रमुखांनी ते "जरा भावनिक झालंय" म्हणून परत केलं. मी सगळी भावना काढून टाकली, तर उरलं एक वेळापत्रक. तेच पाठवलं त्यांनी वर. डोकं फिरायची पाळी आली.

आणि हे काही आजचं नाही, तुला ठाऊक आहे. प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला मी तीनदा गेले. तिन्ही वेळा प्रश्न तोच. "हे झालं शिकवण्याबद्दलचं. तुमचं खरं संशोधन कोणतं?" मी म्हणायचे, हेच. "नाही, म्हणजे रसायनशास्त्रातलं?" मग मी शिक्षणशास्त्र विभागात जाऊन बघितलं. तिथल्या बाई गोड हसून म्हणाल्या, "तुमच्या कामात सिद्धांत कमी आणि परीक्षानळ्या फार." झालं! दोन्ही घरची पाहुणी, आणि दोन्हीकडे जेवणाच्या वेळेला दार बंद. माझ्या मागून आलेले लोक, ज्यांना वर्गातल्या एका मुलाचं नाव सांगता येत नाही, ते आज माझ्या रजेच्या अर्जावर सही करतात.

मला त्याचंही काही नाही. म्हणजे आहे, खोटं कशाला बोलू, पुष्कळ आहे. पण वर्ग होता तोवर मी ते गिळलं.

तू दहा वर्षांत आत पाऊल टाकलेलं नाहीस, म्हणून सांगते. खोली तीच, उतरत्या बाकांची. कोपऱ्यातला नळ अजून ठिबकतो. धूर खेचायचा पंखा अजून नुसता आवाज करतो. सुरुवात अजून प्रश्नानेच होते. मी टेबलावर साहित्य मांडते, काय करणार ते सांगते आणि विचारते: काय होईल? आधी सांगा, मग बघा. प्रत्येकाकडे तीन रंगांची कार्डं असतात. लाल, हिरवं, पिवळं, प्रत्येक रंगाचं एक उत्तर. "कार्ड वर करा. उंच! मला मागच्या भिंतीपर्यंत दिसलं पाहिजे!" हे मी अजून तितक्याच जोरात ओरडते. सगळ्यांनी आपलं उत्तर दाखवलं की मगच काडी पेटवायची. मग जे व्हायचं ते होतं, आणि निम्मा वर्ग तोंडात बोट घालतो. त्या क्षणी ती मुलं जे बोलतात, भांडतात, एकमेकांना वेड्यात काढतात, ते तुझ्या पडद्यावर होत नाही रे. पडदा कुणाला "काय वाटतं तुला?" विचारत नाही. विचारलं तरी उत्तराची वाट बघत नाही.

ही कार्डं पहिल्यांदा कुणी कापली होती, आठवतं? एम.एस्सी. करून तू माझ्याकडे मदतनीस म्हणून आलास तेव्हा कार्यालयातल्या जुन्या फायलींचे पुठ्ठे चोरून आणलेस आणि आईची शिवणाची कात्री बोथट करून टाकलीस. तिने ती अजून माफ केलेली नाही. दोन वर्षं आपण दोघांनी मिळून तो वर्ग उभा केला. मग तुला कंटाळा आला. तू म्हणालास, "ताई, तू एका खोलीला शिकवतेस, मी अख्ख्या शहराला शिकवीन." मी जे बोलले ते बोलले. पण तू चांगला शिकवायचास, भुंग्या. हे मी कुणाला सांगत नाही, तुलाही कधी सांगितलं नव्हतं.

नाव काढून घेणार नसशील तर निदान डोळे उघडे ठेवून ये.

— ताई

८ सप्टेंबर

माननीय तज्ज्ञ महोदय,

आता तुला असंच म्हणायचं ना? गुरुवारी समिती वर्ग बघायला येणार, असं पत्र आलं. खाली तुझी सही, वेलांटीला तीच शेपटी.

लिफ्ट बंद आहे, तिसरा मजला चढावा लागेल. डीनसाहेबांना धाप लागते, त्यांना हात दे. पुढच्या बाकावर बसू नकोस, त्याचा एक पाय आखूड आहे.

आई म्हणते वर्ग झाला की घरी जेवायला यायचं. तिने दोनदा सांगितलंय, आणि तिला "बघू" चालत नाही. मी स्वयंपाक करणार नाही, म्हणजे बिनघोर ये.

— ताई

११ सप्टेंबर

भुंग्या,

ताट अजून टेबलावर आहे. आईने झाकून ठेवलंय. मी म्हटलं, "तो येत नाही आता, आवर ते." ती म्हणाली, "रस्त्यात गर्दी असेल." तुझं ऑफिस कुठे आहे हे तिला माहीत आहे. पायी यायचं ठरवलं असतं तरी एव्हाना पोचला असतास.

माझ्या तळपायाची आग अजून मस्तकात आहे, म्हणून आत्ताच लिहितेय. उद्या थंड झाले तर सभ्य लिहीन.

आज कोणता प्रयोग करायचा हे मी फार विचार करून ठरवलं होतं. भांडी घासायच्या तारेच्या घासणीचे दोन सारखे गोळे, काठीच्या दोन टोकांना टांगलेले, मधोमध दोरा, काठी आडवी, समतोल. एक गोळा पेटवायचा. तो धगधगत लाल होतो. जळाल्यावर ते टोक वर जाईल की खाली? लाल कार्ड: जळून हलकं होणार, वर जाणार. हिरवं: जड होणार, खाली जाणार. पिवळं: काही फरक नाही.

हा मी का निवडला ते तू बघताक्षणी ओळखलंस. तुझ्या कपाळावर आठी आली ती मी पाहिली. आपण हा केला होता. तू आठवीत, मी बारावीत. पडद्याच्या दांडीला तुझी फूटपट्टी बांधून, आईची नवी कोरी घासणी फाडून. पट्टीचं जळतं टोक खाली गेलं तेव्हा तू घरभर नाचलास, "ताई, हवेतनं काहीतरी आलं, हवेतनं काहीतरी आलं त्याच्यात!" लोखंड जळताना हवेतला ऑक्सिजन धरून ठेवतं, म्हणून जड होतं, हे कुणी न सांगता तू त्या दिवशी अर्धं ओळखलं होतंस. मग पडद्याने पेट घेतला आणि आईने आपल्या दोघांचेही कान पिळले. मला वाटलं, हे समोर मांडलं की तुला आठवेल. मला दुसरं काहीही म्हणायची गरज पडणार नाही. एवढी मी मूर्ख.

मुलांना कार्ड वर करायला सांगितलं आणि माझी नजर तुमच्याकडे गेली. तिघं तीन पाहुण्यांसारखे बसलेले. माझ्या तोंडून निघून गेलं, "समितीलाही कार्डं द्या बरं!" मुलं खूश झाली. विभागप्रमुख जागेवरच चुळबुळले. डीनसाहेब हसले, "अरे वा, आमची पण परीक्षा!" आणि त्यांनी जोरात लाल वर केलं. ते भौतिकशास्त्राचे, तेही प्रशासनात जाऊन मुरलेले. माणूस चुकतो, त्यात गैर काय? परीक्षा विभागाच्या बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि लाल केलं.

आणि तू. तू हिरवं उचललं होतंस. अंगठ्याखाली धरलं होतंस, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग तू मान डावीकडे वळवलीस. डीनसाहेबांचं कार्ड बघितलंस. हिरवं खाली ठेवलंस आणि लाल वर केलंस.

काडी लावली. जळतं टोक खाली गेलं, कुरकुर करत, सावकाश. नेहमीसारखा वर्गात आरडाओरडा. डीनसाहेब म्हणाले, "तुमच्या काठीत काहीतरी गडबड आहे." मी म्हणायला हवं होतं, हो साहेब, तपासते. मी म्हटलं, "काठी बरोबर आहे, साहेब." मुलं खो खो हसली. साहेबांचा चेहरा जो उतरला तो पुन्हा चढला नाही. तू बुटांकडे बघत होतास.

मग बाहेर जिन्याजवळ इतक्या वर्षांनी तू माझ्याशी समोरासमोर पहिलं वाक्य बोललास. "ताई, पाहुण्यांना कार्ड द्यायची काय गरज होती?" आणि दुसरं, "माणसांना सांभाळून घ्यावं लागतं, हे तुला कधी कळणार?" मी कार्डं गोळा करायला आत गेले. 

आता उत्तर देते. मी चुकीची उत्तरं गोळा करण्यात जन्म घालवला. चुकणाऱ्या मुलावर मी कधी चिडले नाही, चूक म्हणजे माझ्यासाठी सोनं. पण तू चुकला नाहीस. तुला बरोबर उत्तर माहीत होतं आणि तू ते खाली ठेवलंस. साहेबांनी म्हटलं आणि तू री ओढलीस. याला मी काय म्हणू? माझ्याकडे यासाठी रकानाच नाही.

आई विचारतेय पत्र कुणाला. मी सांगितलं, विद्युत मंडळाला.

— ताई

२९ सप्टेंबर

भुंग्या,

मागच्या पत्राची भाषा राहू दे तशीच, ती खरी होती. पण त्यानंतर एक गोष्ट घडली आणि तिने माझी झोप उडवलीय. ही मी तुझ्याशिवाय कुणाला सांगू? ज्याला यातलं कळतं असा दुसरा माणूस मला माहीत नाही. बघ काय दैव आहे माझं.

शेवटच्या बाकावर एक मुलगी बसते. सरळ तोंडावर बोलते, त्यामुळे मला आवडते. वर्गानंतर टेबलाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, समितीत ते तुमच्यासारख्या नाकाचे सर होते ना, ते चुकले नव्हते."

मी म्हटलं, "तुला काय माहीत?"

"त्यांनी आधी हिरवं धरलं होतं. मी बघत होते. मी पण तसंच करते."

"तसंच म्हणजे?"

"मला जे वाटतं ते आधी हातात धरते. मग पुढच्या बाकांचं बघते. त्या दिवशी मला पण हिरवंच वाटलं होतं. पण सगळ्यांनी लाल दाखवलं म्हणून मी लाल दाखवलं. सगळेच करतात, मॅडम. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नाही, भुंग्या. मला माहीत नव्हतं. मी हातातला खडू खाली ठेवला आणि स्टुलावर बसले. तिला वाटलं मला चक्कर आली, तिने पाणी आणून दिलं.

तुला समजलं ना काय झालं? इतकी वर्षं मी "उंच करा, मला दिसू द्या" म्हणून ओरडले. मला दिसायचं तसंच ते मागच्या सगळ्यांनाही दिसायचं. मी लाल कार्डं मोजली आणि लिहिलं: मुलांचा असा समज असतो. त्यातला समज किती आणि शेजारधर्म किती? मला सांगता येत नाही. माझे निबंध, माझे तक्ते, परदेशातल्या परिषदेत मी ताठ मानेने दाखवलेले ते आलेख, सगळ्यांच्या पोटात ही कीड बसलेली.

मग मी वर्गाचे दोन भाग केले. प्रश्न एकच. साखर आणि पाणी आधी एकत्र तोललं, मग विरघळवलं, आता वजन किती? एका भागाला नेहमीसारखं, कार्ड उंच. दुसऱ्या भागाला सांगितलं, डोळे मिटा, कार्ड छातीशी धरा, फक्त मला दिसेल असं. उंचवाल्यांत लालच लाल, साखर नाहीशी झाली म्हणजे वजन घटलं. डोळे मिटलेल्यांत कितीतरी पिवळी, तेवढंच राहील, जे बरोबर आहे. सगळी नाही. काही लाल तिथेही होतीच, आणि ती पोरं मनापासून चुकत होती. त्यांना बघून मला रडूच यायचं बाकी राहिलं.

म्हणजे सगळंच वाया गेलेलं नाही. पण किती गेलं आणि किती उरलं हे शोधायचं तर सगळे प्रश्न पहिल्यापासून पुन्हा विचारावे लागतील, डोळे मिटून. त्याला अख्खं वर्ष लागेल. आणि त्याला वर्ग लागेल, जिवंत मुलं बसलेला वर्ग. तो बंद झाला तर मी निवृत्त होईपर्यंत मला कळणार नाही की मी आयुष्यभर मोजलं काय. अर्धवट खोटं काम मागे ठेवून जायचं? मला नाही जमणार ते.

वर्ग माझ्या हौसेसाठी ठेवा असं मी म्हणत नाहीये. मी भीक मागतेय असं समज हवं तर. मला फक्त एक वर्ष हवंय.

सोबत दोन कार्डं आहेत, एक लाल आणि एक हिरवं. पहिल्या संचातली, तू कापलेली, कड वाकडी आहे बघ. प्रश्न असा: हा वर्ग चालू राहावा का? लाल म्हणजे नाही. हिरवं म्हणजे हो. दार लावून बस. डीनसाहेब तिथे नाहीत, परीक्षा विभागाच्या बाई नाहीत, मीही नाही. डोळे मिट आणि जे खरं वाटतं ते उचल. दोन्हीपैकी एक मला परत पाठव. लाल पाठवलंस तर मी भांडणार नाही. शप्पथ.

— ताई

२३ ऑक्टोबर

भुंग्या,

सोमवारी विभागप्रमुखांनी चहा मागवला. मी दारातूनच म्हटलं, "चहा नको, कागद द्या."

समितीचा अहवाल. पहिल्या वर्षाचा वर्ग पुढच्या वर्षापासून बंद, व्याख्यानं पडद्यावर. कारण, 'संबंधित पद्धतीत अतिथींच्या व विद्यार्थ्यांच्या सन्मानाचे भान राखले जात नाही.' पुढे लिहिलंय, 'शिफारस एकमताने'. खाली तीन सह्या. तिसरी तुझी. मी ती वेलांटी बोटाने घासून बघितली, छापील असेल तर बरं असं वाटून. शाईच होती.

मला पुढच्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षांची वेळापत्रकं करायचं काम दिलंय. विभागप्रमुख म्हणाले, "तुम्हाला जरा आरामच मिळेल." मी त्यांच्या खोलीतून निघाले ती सरळ वर्गात गेले आणि रिकाम्या बाकांसमोर उभी राहून यथेच्छ शिव्या दिल्या. डीनसाहेबांना, कुलगुरूंना, त्या नळाला, तुला. सगळ्यात जास्त नळाला, कारण तो तेवढा समोर होता. तेवढ्यात प्रयोगशाळेतले सहायक आत डोकावले आणि पाय न वाजवता परत गेले.

आणि मंगळवारी तुझं पाकीट आलं.

आईनेच फोडलं. आत हिरवं कार्ड. मागे पेन्सिलीने दोन शब्द: "डोळे मिटून." आईने ते उलटसुलट करून बघितलं, मला म्हणाली, "बघ, त्याला पटतंय तुझं. उगीच धुसफुसतेस." तिला अहवालाचं मी सांगितलेलं नाही. ती त्या हिरव्या तुकड्यावर इतकी खूश होती की माझी जीभ रेटेना. तिने ते फ्रीजवर चुंबकाखाली लावलं. दोन दिवस मी दूध काढताना, भाजी ठेवताना त्याच्याकडे बघतेय.

मी आधी तुझ्या बाजूने विचार करून बघितला. तुझी माणसं आहेत, क्लासमध्ये पगार घेणारी. डीनसाहेबांना दुखवणं तुला परवडत नसेल. तू मनाने माझ्याकडे आहेस, आणि ते मला कळावं म्हणून तू हे पाठवलंस, तेवढं धाडस केलंस. हे सगळं मला समजतं. समजून घेऊनही माझा जळफळाट कमी होत नाही. उलट लाल पाठवलं असतंस तर मी झोपले असते. म्हटलं असतं, भावाला नाही पटलं, संपलं. आता तू मला हे काय देऊन ठेवलंस? खरं उत्तर तुझ्याकडे होतं. पहिल्या दिवसापासून होतं. ते तू घरी बसून पेन्सिलीने लिहिलंस आणि तिथे शाईने उलटं लिहिलंस.

आज या सत्राचा शेवटचा तास होता. अजून एक सत्र आहे, मग संपलं. मी बर्फ घेतला. बूच घट्ट लावलेल्या बाटलीत बर्फ, तराजूवर. वितळल्यावर वजन काय होईल? गेले काही आठवडे आम्ही डोळे मिटूनच करत होतो. आज म्हटलं, उघड्या डोळ्यांनी करा, उंच, बघू काय होतं ते.

सगळा वर्ग पिवळा. तेवढंच राहील. बरोबर उत्तर. आता या मुलांना मी फसवू शकत नाही, इतकी हुशार झालीत ती. आणि त्या पिवळ्या रानात शेवटच्या बाकावरून एकच हिरवं. ती मुलगी. पुढच्या बाकांनी माना वळवून बघितलं, कुणीतरी हसलं, शेजारणीने तिला कोपराने ढोसलं. तिने पुढच्या सगळ्या बाकांवरून नजर फिरवली. मी मनात म्हणत होते, बदल, अजून वेळ आहे, बदल. तिने बदललं नाही.

विचारलं, का गं? म्हणाली, "मॅडम, बर्फ पाण्यावर तरंगतो. म्हणजे बर्फ हलका. मग पाणी झाल्यावर जड नको का व्हायला?"

बर्फ वितळला. काटा जिथल्या तिथे. ती चुकली होती. सपशेल चुकली होती, आणि इतकं सुंदर चुकलेलं मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. काटा स्थिर होईपर्यंत तिने हात खाली घेतला नाही. मग आम्ही सगळे तास संपून गेल्यावरही, बर्फ तरंगतो तर वजन का बदलत नाही, यावर भांडत बसलो. पुढच्या तासाचे सर दारात येऊन खोकले तेव्हा उठलो.

घरी आले आणि फ्रीजवरचं कार्ड काढलं. आईने विचारलं कुठे नेतेस. मी म्हटलं, ज्याचं त्याला.

ते सोबत परत पाठवतेय. माझ्याकडे ठेवून त्याचा काही उपयोग नाही. कुलगुरूंची सही अजून झालेली नाही असं कळतं, पण मी तुला काही करायला सांगत नाही, खरंच नाही. रविवारी आईला फोन कर, ती वाट बघते. मी उचलला तर "आई आहे का" विचार, मी देईन.

फक्त एवढं लक्षात ठेव, तूच कापलं होतंस म्हणून सांगते. कार्ड पाकिटात घालायचं नसतं रे. ते वर करायचं असतं.

— ताई